गाठीसोबत रेचा पाठवायचा नसतो

दिवाळीनंतर यवतमाळकडे जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. 1 क्विंटल कापूस रेचला की साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुई दाबून 170 किलोची गाठ बांधतात आणि ती सूतगिरणीकडे जाते. रेचा, म्हणजे रुईपासून सरकी वेगळी करणारं यंत्र, जागेवरच राहतो. गाठीत रेचा भरून पाठवायचं कोणाच्या डोक्यातही येणार नाही. मी मात्र तेच केलं होतं.

गावच्या वाचनालयातल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर पावसाच्या नोंदी दाखवणारा छोटा वेब सर्व्हर चालवायचा होता. गो भाषेत लिहिला, डॉकरची इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइली यांचं एक गाठोडं) बांधली, तर ती 800 एमबीची! त्यात माझा प्रोग्राम जेमतेम 7 एमबी. बाकी कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा प्रोग्राम करणारा माझा रेचा, आणि त्याचा लवाजमा. आमच्याकडच्या 2 एमबीपीएस नेटवर ती उतरायला जवळपास 53 मिनिटं, तीही लाइन मध्येच गेली नाही तर.

आधी कंपायलर पुसून पाहिला. इमेज तसूभरही घटली नाही. कारण इमेज थरांची असते. खालच्या थरातली फाइल वरच्या थरात पुसली तरी ती फक्त दिसेनाशी होते, वजन तसंच राहतं.

उपाय डॉकरमध्ये 2017 पासून आहे: बांधणी दोन टप्प्यांत करायची. पहिल्या टप्प्यात कंपायलरने प्रोग्राम तयार करायचा, दुसऱ्यात कोऱ्या इमेजवर तेवढी एकच फाइल उचलून ठेवायची. या कोऱ्या इमेजचं नावच स्क्रॅच. कोरी चालते कशी? कंटेनर, म्हणजे चालू केलेली इमेज, हा वेगळा संगणक नव्हे. लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, यजमान यंत्राचाच असतो. कर्नलच्याच दोन सोयी कामाला येतात: नेमस्पेस प्रोग्रामला आपलं वेगळं घर असल्याचं भासवतात, सीग्रुप मेमरी-प्रोसेसरचा वाटा ठरवतात. त्यामुळे लागणाऱ्या लायब्ररी प्रोग्रामनेच पोटात घेतल्या, तर बाहेरचं काही लागत नाही. फक्त बांधणी पायच्या एआरएम प्रोसेसरसाठी करायची. लॅपटॉपसाठी बांधलेली फाइल तिथे सुरूच होत नाही.

इमेज झाली 7 एमबीची. अर्ध्या मिनिटात उतरली.

पण कोरेपणाची किंमत असते. आत शेलच (आज्ञा टाइप करायची सोय) नाही, म्हणून डोकावून बघता येत नाही. वर दुपारी 2 वाजताची पावसाची नोंद सकाळी 8:30 ची दिसायला लागली. घड्याळ बरोबर होतं, कोऱ्या इमेजमध्ये भारतीय वेळेची माहितीच नव्हती, म्हणून प्रोग्राम यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, धरून चालला होता. गोचं टाइमझोनचं पॅकेज प्रोग्राममध्येच जोडलं. इमेज अर्ध्या एमबीने फुगली, आणि पाऊस पुन्हा दुपारी पडायला लागला.