आलावाचे पर्यटनमार्ग आणि १९६७ चा निर्णय

उत्तर स्पेनमधील बास्क स्वायत्त प्रदेशाच्या तीन प्रांतांत आलावा क्षेत्रफळाने सर्वांत मोठा आहे. मात्र त्याची बहुतेक वस्ती व्हितोरिया या राजधानीतच एकवटली असून उरलेला प्रांत शेतीचा, रानांचा आणि दक्षिणेकडे द्राक्षमळ्यांचा आहे. आस्तोर्गाहून बोर्दोकडे जाणारा रोमन रस्ता येथूनच जात असे. पुढे कास्तील हे स्पेनमधील मध्ययुगीन राज्य आणि फ्रान्स यांमधील वाहतूक सान आद्रियानच्या नैसर्गिक बोगद्यातून होऊ लागली आणि वायव्य स्पेनमधील सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या यात्रेकरूंनीही तीच वाट धरली.

आजच्या मार्गांवर खरा ठसा आहे तो मीटरगेज रेल्वेचा. ब्रिटिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या कंपनीने १८८९ मध्ये व्हितोरियापासून उत्तरेकडचा पहिला टप्पा सुरू केला. ती डबघाईला आल्यावर काम सरकारकडे गेले आणि १९२७ मध्ये गाडी शेजारच्या नाव्हारा प्रांतातील एस्तेयापर्यंत पोहोचली. एस्तिबालिसच्या टेकडीवरील देवस्थानासाठी वेगळा फाटाही काढण्यात आला होता.

३१ डिसेंबर १९६७ रोजी ही सेवा बंद झाली. रेल्वे तोट्यात आहे आणि प्रवासी रस्त्याकडे वळले आहेत, हे कारण आकड्यांपुरते खरे होते. परंतु रेल्वेचा खर्च तोटा म्हणून मांडला जात असताना रस्त्यांवरचा सरकारी खर्च विकास म्हणून गणला जात होता, आणि डोंगरपट्ट्यातील खेड्यांचे काय होईल हा प्रश्न त्या हिशेबात बसतच नव्हता. शिवाय गाड्या थांबवण्यावर न भागवता रूळही उचलण्यात आले, त्यामुळे फेरविचाराला जागाच उरली नाही.

त्या रिकाम्या पट्ट्यावर १९९० च्या दशकापासून सायकलस्वार आणि पदयात्री यांच्यासाठी हरितमार्ग आखला गेला. गाडीला झेपेल एवढाच चढ ठेवलेला असल्याने तो आज कुटुंबांनाही सोयीचा वाटतो. माएस्तूच्या स्थानकात आता ग्रामपालिकेचे कार्यालय आहे. लामिनोरियाचा दोन किलोमीटरहून लांब बोगदा मात्र बंद असल्याने सायकलस्वारांना खिंड चढून पलीकडे उतरावे लागते. रेल्वेने वाचवलेले श्रम तेथे पुन्हा करावे लागतात.

दरम्यान पाहुण्यांचा ओघ दक्षिणेकडे वळला आहे. तटबंदीचे लागुआर्दिया, आसपासची महापाषाणकालीन थडगी आणि २००६ मध्ये एल्सिएगो येथे उघडलेले, धातूच्या वळणदार पत्र्यांचे हॉटेल यांना जोडणारा वाइनमार्ग प्रामुख्याने मोटारीने केला जातो, आणि प्रांताच्या जाहिरातींत त्यालाच अग्रस्थान मिळते.