पार्श्वभूमी : पाच वॅट मोजायचे कुठे?

१९५७-५८ साली सूर्यडागांची संख्या नोंदींतल्या उच्चांकावर होती आणि हौशी रेडिओच्या १० मीटर बँडवर (सुमारे २८ मेगाहर्ट्झ) मोजक्या वॅटचे संचही समुद्रापार ऐकू जात. शिखर ओसरले तसा हा बँड शांत झाला. इतर बँडवर मात्र मोठ्या अँप्लिफायरची गर्दी कायम होती. हा गोंगाट कमी व्हावा म्हणून १९६१मध्ये अमेरिकेत कमी शक्तीवाल्यांची संघटना उभी राहिली. तिची पहिली मर्यादा मात्र १०० वॅटची होती आणि तीही इनपुटची, म्हणजे शेवटच्या टप्प्याला मिळणारे व्होल्टेज गुणिले करंट.

१९७०च्या दशकात ट्रान्झिस्टरवर प्रयोग करणाऱ्यांना हे पटेना. त्यांचे संच ५ वॅटच्या आतले; त्यांना नेहमीच्या ‘क्यूआरपी’पासून (कमी शक्तीचे प्रक्षेपण) वेगळे ओळखायला ‘क्यूआरपीपी’ ही संज्ञा वापरात आली. पुढे ‘क्यूआरपी’ची मर्यादाच मोर्ससाठी ५ वॅट आउटपुटवर (म्हणजे अँटेनाकडे प्रत्यक्ष निघणाऱ्या शक्तीवर) आली, एसएसबीसाठी (आवाजी संभाषणाची पद्धत) १० वॅट शिखरशक्ती ठरली आणि ‘क्यूआरपीपी’ १ वॅटच्या खाली सरकली. त्यामुळे जुन्या लॉगबुकातली नोंद वाचताना साल पाहावेच लागते.

खरा वाद इनपुट की आउटपुट, हा होता. इनपुटच्या बाजूचे म्हणत, साधा मल्टिमीटर पुरतो आणि कार्यक्षम संच बांधणाऱ्याच्या कौशल्याचे चीज होते. मुद्दा खोटा नाही, पण वरच्या बँडवर तो अन्याय करतो. १२ व्होल्टवर ४०० मिलिअँपिअर घेणारा संच इनपुटच्या हिशेबात ४.८ वॅटचा. ७ मेगाहर्ट्झवर त्यातून ३ वॅट निघाले, तरी २८ मेगाहर्ट्झवर त्याच स्वस्त ट्रान्झिस्टरचा गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) घसरतो आणि हाती बरेच कमी येते. आउटपुट मोजणे तसे अवघडही नाही. ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेला रोध) सुमारे २२ व्होल्टचे शिखर दिसले की ५ वॅट झाले. आउटपुटचा निर्णय योग्यच होता, आणि १० मीटरवाल्यांसाठी तर तो फार आधी व्हायला हवा होता.

कारण कमी शक्तीला खरी साथ याच बँडवर मिळते. वारंवारता वाढते तसे रेडिओलहरी परतवणाऱ्या आयनांबराच्या सर्वांत खालच्या डी थरातले शोषण झपाट्याने घटते, पार्श्वगोंगाटही कमी असतो आणि अर्धलहरी डायपोल अँटेना जेमतेम ५ मीटरचा. १०० वॅटवरून ५ वॅटवर आल्यास फरक १३ डेसिबलचा, म्हणजे एस-मीटरवर (आलेल्या सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) साधारण दोन घरे. बँड उघडा असेल तर तेवढे सहज सोसते.

१९७९च्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशींना १७ आणि १२ मीटरचे बँड दिले. २००८मध्ये डब्ल्यूएसपीआर ही क्षीण सिग्नल टिपणारी संगणकीय पद्धत आली आणि प्रयोगांचा चेहराच बदलला. जवळजवळ दोन मिनिटे चालणारे, अवघ्या ६ हर्ट्झ रुंदीचे प्रक्षेपण. २०० मिलिवॅटवर जगभरातले अहवाल. २०१७मध्ये एफटी८ ही झटपट संगणकीय संदेशपद्धत आली आणि २०२४मध्ये पंचविसावे सौरचक्र शिखरावर पोचले, तेव्हा १० मीटर पुन्हा दिवसभर गजबजला.

डब्ल्यूएसपीआरच्या संदेशातच शक्तीचा आकडा असतो : २३ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) म्हणजे २०० मिलिवॅट. पण तो मोजलेला नसतो, चालकाने भरलेला असतो आणि बहुतेकदा संचाच्या सॉकेटपाशी धरलेला. ३० मीटर बारीक कोअ‍ॅक्स केबल संचापासून अँटेनापर्यंत असेल तर २८ मेगाहर्ट्झवर त्यातली निम्म्याच्या आसपास शक्ती वाटेतच जाते. दोन ठिकाणच्या अहवालांची तुलना करताना केबलची लांबी आणि प्रकार नोंदवलेला नसेल, तर तीन डेसिबलपेक्षा बारीक निष्कर्ष काढू नयेत.