सरकारी कामाचं बिल अडकलंय? भोपाळच्या अधिकरणात जाण्याआधी या तारखा तपासा

एमबीवर (कामाच्या मोजमाप पुस्तकावर) सहीखाली 'अंडर प्रोटेस्ट' लिहिलं की वाद नोंदला गेला, अशी इंदुरातल्या आपल्या ठेकेदार मंडळींची ठाम समजूत आहे. राज्याच्या प्रचलित निविदा करारातलं कलम १२ नेमकं उलट सांगतं: मोजमाप किंवा पैसे घेताना नुसता निषेध नोंदवणं म्हणजे वाद उपस्थित करणं नाही. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याकडे कारणांसह वेगळा लेखी अर्ज लागतो, तोही वाद पहिल्यांदा उद्भवल्यापासून ४५ दिवसांत. हा अधिकारी कोण, ते करारातल्या 'कॉन्ट्रॅक्ट डेटा' या पानावर असतं. ते पान उघडून न बघताच कार्यपालन यंत्र्यांना (कार्यकारी अभियंत्यांना) पत्रं पाठवत राहणारे बरेच आहेत.

अर्जावर निर्णयाला ४५ दिवस, न पटल्यास ३० दिवसांत अपील, अपिलावर पुन्हा ४५ दिवस. वाद चालू आहे म्हणून काम थांबवता येत नाही. थांबवलंत तर दंडाचं कारण तुम्हीच दिलंत.

यानंतर १९८३ च्या राज्य कायद्याखालचं, सरकारी ठेक्यांचे वाद ऐकणारं माध्यस्थम् अधिकरण, भोपाळ. मध्य प्रदेश शासन किंवा त्याच्या उपक्रमाशी केलेला बांधकामाचा करार आणि ५०,००० रुपये किंवा जास्तीचा, आकडा मांडलेला दावा हवा. 'नुकसान झालं, योग्य ती भरपाई द्यावी' असं मोघम चालत नाही. करारात लवादाचं कलम नसलं तरी जाता येतं. ठेका रद्द झाला म्हणून १९९६ च्या लवाद कायद्याकडे वळण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंद केली आहे. रेल्वेचं काम किंवा खासगी बिल्डरची थकबाकी इथे येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ मुदतीचा. अंतिम अधिकाऱ्याचा, म्हणजे अपील ऐकणाऱ्याचा, निर्णय कळल्यापासून अधिकरणात जायला एक वर्ष, हे सगळ्यांना पाठ असतं. पण निर्णय आलाच नाही तर? तेव्हा सहा महिने धरायचे आणि ते संपले की वर्ष आपोआप सुरू होतं. अपील १० जानेवारी २०२५ ला दिलं असेल, तर १० जुलै २०२५ ला सहा महिने संपले आणि अर्ज १० जुलै २०२६ च्या आत हवा. 'फाईल वर गेलीये, या महिन्यात होईल' या आश्वासनावर लोक दोन-दोन वर्षं काढतात. साहेब बदलून जातात, मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही, आणि स्मरणपत्रांनी ती वाढेल या भरवशावर राहू नका.

कागदांत करार, कार्यादेश, बिलं, पत्रव्यवहार हे नेहमीचं. हमखास नसतो तो वादाच्या अर्जाचा आवक शिक्का. बाबूच्या हातात अर्ज देऊन 'ठेवतो साहेबांपुढे' ऐकून परत येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, नाही दिली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. एमबीची प्रमाणित प्रत सरळ मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क आणि उत्तराला तीस दिवस, म्हणून हे शेवटच्या महिन्यावर टाकू नका.

अधिकरणाचा अर्ज लिहिताना त्या करारातले सगळे दावे एकदाच घाला: अनामत, जादा काम, कापलेला दंड, भाववाढ. १९८३ च्या कायद्यातल्या कलम ७-अ प्रमाणे सुटलेला दावा मागाहून मागता येत नाही. दुसऱ्या कराराचा दावा मात्र यात घुसडू नका, त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.