कूफोनिसीला जाण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. ग्रीसमधल्या कूफोनिसी बेटावर सुट्टी घालवण्याचा विचार तुम्ही करत असाल, तर आगाऊ रक्कम भरण्याआधी हे पत्रक घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचावं, अशी आमची मनापासून विनंती आहे. फोटो बघून सगळेच हो म्हणतात. पण हे बेट सगळ्यांसाठी नाही, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांनाही थोडी तयारी करूनच जावं लागतं.

ग्रीस म्हटलं की आपल्याकडे सँटोरिनी आणि मिकोनोस ही दोन नावं हमखास येतात. कूफोनिसी त्याच सिक्लाडीस द्वीपसमूहात आहे, नाक्सोस आणि आमोर्गोस या दोन मोठ्या बेटांच्या मधे. खरं तर ही शेजारी-शेजारी असलेली दोन बेटं आहेत : पानो म्हणजे वरचं आणि कातो म्हणजे खालचं कूफोनिसी. कोकणातल्या गावात वरची वाडी आणि खालची वाडी असते ना, तसंच. वस्ती वरच्या बेटावर, साधारण चारशे माणसांची. सगळं बेट सहा चौरस किलोमीटरच्या आत बसतं. गाव एकच, पांढऱ्या घरांचं, आणि त्याला खोरा म्हणतात. धक्क्याजवळ एक जुनी पवनचक्की आहे, गावात सेंट जॉर्जचं चर्च आहे, आणि बहुतेक घरांचा मूळ धंदा मासेमारीचा.

आता स्पष्टच सांगतो. इथे 'पॉइंट' नाहीत. किल्ला नाही, मोठं संग्रहालय नाही, खरेदीचा बाजार नाही. सकाळी उठायचं, कोपऱ्यावरच्या बेकरीतून पालक भरलेली गरम पेस्ट्री घ्यायची, पायवाटेने एखाद्या पुळणीवर जायचं, पोहायचं, झोपायचं, पुन्हा पोहायचं. पाच दिवस हेच. ज्यांना रोज नवीन काही पाहायला हवं, त्यांना आम्ही कूफोनिसीऐवजी नाक्सोस सुचवतो. तिथे किनारे आहेत, डोंगरातली गावं आहेत, अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाचं संगमरवरी दार आहे, आणि भाड्याने गाडी घेऊन चार दिवस फिरता येतं. दोन्हीकडे जायची इच्छा असेल तर आधी नाक्सोस, मग कूफोनिसी. उलट्या क्रमाने केलं की कूफोनिसीची शांतता अंगात मुरायच्या आतच गडबड सुरू होते.

कधी जायचं

आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात, आणि नेमका तेव्हा तिथला समुद्र गार असतो, १९ अंशांच्या आसपास. मुलं धावत पाण्यात शिरतात आणि तशीच बाहेर येतात. जूनच्या मध्यापासून पाणी २२-२३ अंशांवर येतं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये २४-२५. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीक आणि इटालियन कुटुंबांची गर्दी असते, भाडी चढलेली असतात आणि वारा जोरात असतो. आमचं मत विचाराल तर जूनचे पहिले तीन आठवडे, नाहीतर गणपती आटोपल्यावर सप्टेंबरचा शेवट. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कुणालाच तिकडे पाठवत नाही. ऑक्टोबर सरत आला की खाणावळी आणि खोल्या एकेक करून बंद होतात, आणि जहाजंही कमी होतात.

जूनमध्ये सूर्य साडेआठनंतर मावळतो. संध्याकाळी सहा वाजता पोहायला जाणं ही तिथली नेहमीची वेळ आहे. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर दुपारी बारा ते चार खोलीतच काढा. ग्रीक माणसंही तेच करतात.

वारा : हा भाग नक्की वाचा

जुलै-ऑगस्टमध्ये, आणि काही वेळा त्याच्या आगेमागेही, एजियन समुद्रावर उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा वारा सुटतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि वारा असा की टेबलावरचा कागदी रुमालही राहत नाही. या वाऱ्याचं आपल्याशी नातं आहे. उन्हाळ्यात भारतीय उपखंडाच्या वायव्येला जमीन तापते आणि कमी दाबाचा पट्टा तयार होतो. तोच आपला मान्सून ओढून आणतो. या पट्ट्याचं पश्चिमेकडचं टोक तुर्कस्तानपर्यंत पोचतं, तर बाल्कन देशांवर दाब जास्त असतो. या दोहोंच्या मधल्या फटीतून मेल्तेमी वाहतो. आषाढ-श्रावणात आपल्याकडे पाऊस कोसळत असतो, तेव्हा त्याच कारणाने तिकडे कोरडा वारा वाहत असतो.

वारा फार वाढला की बंदराचे अधिकारी जहाजं सोडत नाहीत. हलकी, वेगवान कॅटामरान आधी थांबतात, मोठी जहाजं शेवटी. कधी काही तास, कधी एक दिवस, कधी दोन. अशा वेळी जहाजाच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या फेरीत जागा मिळते. पण वाढलेल्या मुक्कामाचा खर्च आणि चुकलेलं विमान हे प्रवाशाच्याच माथी येतं.

सुरुवातीच्या काळात आम्ही एका कुटुंबाला सकाळी बेटावरून निघून त्याच रात्री अथेन्सहून विमान, असा कार्यक्रम आखून दिला होता. वारा सुटला, जहाज आलं नाही, आणि चौघांची विमानाची तिकिटं वाया गेली. ती चूक आमची होती. तेव्हापासून आमचा नियम आहे : परतीच्या विमानाआधी किमान एक पूर्ण रात्र, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोन रात्री, अथेन्समध्ये. 'एक दिवस वाचेल' म्हणून हा मुक्काम काढायला सांगू नका. आम्ही काढणार नाही.

पोचायचं कसं

मुंबईहून आखाती देशांतल्या विमानतळांवरून किंवा इस्तंबूलमार्गे अथेन्स. अथेन्स विमानतळावरून पिरेयस बंदरापर्यंत आता थेट मेट्रो आहे, तासाभराचा रस्ता. पिरेयसहून मोठं जहाज पारोस, नाक्सोस करत साधारण आठ तासांत कूफोनिसीला पोचतं. वेगवान बोट पाचेक तास घेते. आम्ही मोठं जहाजच निवडतो. ते कमी हलतं, डेकवर मोकळं फिरता येतं, आणि बेटं एकामागून एक जवळ येताना दिसतात.

दुसरी वाट नाक्सोसहून. तिथून 'एक्सप्रेस स्कोपेलीतिस' नावाचं छोटं जहाज इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी, दोनूसा अशा लहान बेटांना टेकत आमोर्गोसला जातं. आपल्या एसटीसारखंच त्याचं काम : माणसं, भाजीच्या पेट्या, औषधं, सिमेंट, सगळं त्याच्यातूनच. समुद्र खवळलेला असला की हे जहाज चांगलंच डोलतं. गाडी लागणाऱ्यांनी पोट फार भरलेलं ठेवू नये, मागच्या बाजूला मोकळ्या हवेत बसावं, आणि आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवाव्यात. चाकांची मोठी बॅग नको. जहाज धक्क्याला काही मिनिटंच टेकतं आणि लोखंडी उतारावरून सामान स्वतःच उतरवावं लागतं.

समुद्र आणि पुळणी

पाणी इतकं नितळ कसं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आपल्या कोकणच्या समुद्रात खाड्यांचा गाळ येतो, सूक्ष्म वनस्पती आणि जीव भरपूर असतात, म्हणून पाणी गढूळ दिसतं आणि म्हणूनच मासळीही मुबलक मिळते. या बेटांवर नद्या नाहीत, आणि एजियनच्या या भागात पोषक द्रव्यं कमी. पाण्यात तरंगणारं काही फारसं नाही, म्हणून तळ दिसतो. पुरुषभर खोल पाण्यात उभ्या बोटीची सावली खालच्या वाळूवर स्पष्ट पडलेली दिसते, दोरीसकट. ते पाहायला म्हणून धक्क्यावर पाच मिनिटं थांबाच.

दुसरा फरक भरती-ओहोटीचा. ती तिथे जवळजवळ नाहीच. सकाळी जिथे चप्पल ठेवली तिथेच संध्याकाळीही ती कोरडी मिळते. पण त्यामुळे बेफिकीर होऊ नका. पाणी स्वच्छ असलं की खोली कमी वाटते, आणि बहुतेक ठिकाणी जीवरक्षक नसतो.

गावाला लागूनच आम्मोस ही पुळण आहे, लहान मुलांसाठी सगळ्यात सोयीची. तिथून किनाऱ्याच्या कडेने चालत गेलं की फिनिकास, मग फानोस, मग इतालिदा, आणि शेवटी पोरीची अर्धचंद्रासारखी मोठी पुळण. गावापासून पोरीपर्यंत रमतगमत तासाभराची चाल. दक्षिणेकडच्या पुळणी उत्तरेच्या वाऱ्यापासून बऱ्याच आडोशाला आहेत, म्हणून मेल्तेमीतही पोहणं थांबत नाही. ज्यांना चालणं झेपत नाही त्यांच्यासाठी हंगामात धक्क्यावरून छोट्या बोटी पोरीला आणि खालच्या कूफोनिसीला जातात.

सावली मात्र फार कमी. बहुतेक पुळणींवर छत्र्या आणि खाटा मांडलेल्या नसतात. गावातून एक छत्री विकत घ्या, पाण्याच्या बाटल्या बरोबर ठेवा, आणि रबरी तळाचे पाण्यात घालायचे बूट इथूनच घेऊन जा. खडकांना काळे समुद्रसाळू चिकटलेले असतात. काटा पायात गेला की दोन दिवस चालणं अवघड होतं. इतालिदा आणि पोरीच्या दरम्यान खडकात 'पिसिना' नावाचं नैसर्गिक कुंड आहे, आतून समुद्राला जोडलेलं. तरुण मुलं वरून उड्या मारतात. पट्टीचं पोहता येत नसेल, किंवा समुद्र हलत असेल, तर ते वरूनच बघा.

कुटुंबांना आधी सांगितलेलं बरं : आडबाजूच्या काही पुळणींवर लोक कपड्यांशिवाय पोहतात. कुणी कुणाकडे बघत नाही, फोटो काढणं मात्र अत्यंत गैर मानतात. अवघड वाटत असेल तर आम्मोस आणि फिनिकासवर राहा.

समोरचं केरोस

गावातून दक्षिणेला समोर एक ओकंबोकं, डोंगराळ बेट दिसतं. ते केरोस. तिथे उतरायला परवानगी नाही, कारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचं ते पवित्र स्थान आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांच्या नेतृत्वाखाली २००६ ते २००८ या काळात तिथे उत्खनन झालं. संगमरवरी मूर्तींचे आणि भांड्यांचे तुकडे सापडले, पण ते एकमेकांना जुळेनात. अभ्यासकांचा निष्कर्ष असा की मूर्ती आपापल्या बेटांवर मुद्दाम फोडून त्यांचा एखादा तुकडाच समुद्रमार्गे इथे आणून ठेवत. कुठे धड, कुठे पाय, कुठे नुसतं नाक असलेलं गुळगुळीत डोकं. आपण भंगलेली मूर्ती पाण्यात सोडतो. ही माणसं भंगलेला तुकडा पाणी ओलांडून इथवर आणत होती. आम्हाला दर वेळी संध्याकाळी धक्क्यावर बसल्यावर हेच आठवतं.

केरोसवर सापडलेला संगमरवरी वीणावादक अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. जेमतेम वीतभर उंचीची मूर्ती, डोकं मागे टाकून बसलेली. वाऱ्यासाठी राखलेली अथेन्सची ती जादा रात्र मोकळी मिळाली, तर हा माणूस जरूर पाहून या. आणि बेटांवर जुना खापराचा तुकडा दिसला तरी उचलू नका. तो गुन्हा आहे.

खाणं

शाकाहारी मंडळी सगळ्यात जास्त काळजीत असतात, म्हणून सविस्तर लिहितो. ग्रीक घरात भाजीचं जेवण चांगलं आहे. 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर ऑलिव्हचं तेल, लिंबू आणि कच्चा कांदा. सँटोरिनीची प्रसिद्ध फावा तर आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्याच कुळातली. 'येमिस्ता' म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि भोपळी मिरच्या. मागवताना त्यात खिमा नाही ना, एवढं विचारा. 'फासोलाकिया' म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या फरसबीच्या शेंगा. 'खोर्ता' म्हणजे उकडलेला रानपाला, लिंबू पिळून.

एक सावधगिरी मात्र हवी. तिथे उपवासाच्या पदार्थांना 'निस्तिसिमो' म्हणतात. त्यात मटण, दूध, अंडी नसतात, पण त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस, माकूळ आणि शिंपले चालतात. म्हणून उपवासाचं म्हणजे आपल्यासाठी शाकाहारी, असं धरू नका. 'देन त्रोओ क्रेआस, ऊते प्सारी' एवढं वाक्य पाठ करा : मी मांस खात नाही, मासेही नाही. जैन जेवण बेटावर मिळणं कठीण आहे. अशा कुटुंबांना आम्ही स्वयंपाकघर असलेली खोलीच देतो. मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि लोणचं बरोबर असू द्या.

मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ताजी मासळी किलोच्या भावाने विकतात. आत जाऊन मासा बघा, वजन करून घ्या, किंमत विचारा, मग चुलीवर जाऊ द्या. तिथे हे विचारणं अजिबात वावगं नाही. बारबूनिया हा छोटा लाल मासा तळून मागवा. काटे आहेत, पण चव तुम्हाला घरची आठवण देईल.

किरकोळ, पण महत्त्वाचं

नळाचं पाणी पिऊ नका. शौचकुपात कागद टाकू नका, पाइप अरुंद असतात. शेजारच्या टोपलीत टाका. रोज लागणारी औषधं पूर्ण मुक्कामाची आणि वर तीन दिवसांची जास्त न्या. बेटावर छोटं आरोग्य केंद्र आहे, पण गंभीर रुग्णाला नाक्सोसला किंवा पुढे हलवावं लागतं. हृदयविकाराचा अलीकडे त्रास झालेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं आणि आम्हालाही सांगावं. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२. खोलीमागे रात्रीचा सरकारी कर बेटावर वेगळा भरावा लागतो. तो आमच्या दरात धरलेला नाही.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सेवाकेंद्राचा आकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी आम्ही फेब्रुवारीतच भरतो, कारण पुढे भेटीच्या वेळा मिळत नाहीत. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

बोलणी करायला येताना मुलांच्या परीक्षांच्या तारखा आणि सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन या. घरातलं कोण किती चालू शकतं आणि कोणाला पोहता येतं, तेही सांगा. खोली आम्मोसजवळ घ्यायची की गावाच्या वरच्या अंगाला, हे त्यावरच ठरतं.