लांबच्या वाटेने निघालेला प्रकाश वेळेवर कसा पोहोचतो?

पुण्यात हल्ली इंटरनेटच्या जाहिरातींत ‘प्रकाशाच्या वेगाने’ हे शब्द हटकून असतात. ते वाचून बहुतेकांचा समज होतो की तांब्याच्या तारेतून माहिती हळूहळू जाते आणि काचेतून, म्हणजे ऑप्टिकल फायबर या काचेच्या बारीक तंतूतून, झपकन. हा समज चुकीचा आहे. काचेची खरी करामत वेगळीच आहे आणि ती वेगापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

दहावीत शिकलेला अपवर्तनांक आठवा. फायबरच्या काचेचा अपवर्तनांक साधारण १.४८ असतो. म्हणजे निर्वात पोकळीत सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाणारा प्रकाश काचेत सुमारे २ लाखांवर येतो. तांब्याच्या चांगल्या केबलमधून विद्युत संकेतही जवळपास याच वेगाने धावतो, काही केबलींत तर किंचित जास्तच. मग फरक पडतो कुठे? बिट किती दाटीने पाठवता येतात आणि पलीकडच्या टोकाला ते एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात का, इथे. तांब्यात वारंवारता वाढली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागाशी गोळा होतो आणि संकेत झपाट्याने क्षीण होतो. सेकंदाला २५ गिगाबिट पाठवायचे तर साधी तांब्याची केबल पाचेक मीटरच्या पुढे टिकत नाही.

डेटा सेंटरमध्ये इतकं अंतर रॅकच्या एका ओळीतच संपतं. मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरांचा २०१५ साली सुरू झालेला ‘सेंट्रल इंडिया’ विभाग पुण्यात आहे. अशा ठिकाणी स्विचच्या, म्हणजे सर्व्हर एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राच्या, तोंडाशी बोटाएवढी धातूची मॉड्यूल ओळीने खोचलेली असतात. हेच ट्रान्सीव्हर. विजेचे संकेत घेऊन ते प्रकाश सोडतात आणि आलेल्या प्रकाशाचे पुन्हा विजेचे संकेत करतात. १०० गिगाबिटचं कमी पल्ल्याचं मॉड्यूल घेतलं तर त्यात ४ लेसर असतात, प्रत्येकी २५ गिगाबिटचे. कनेक्टरमध्ये १२ फायबर एका ओळीत बसतात. त्यांतले ४ जाण्याचे, ४ येण्याचे, आणि मधले ४ रिकामे.

आता मुख्य गोष्ट. या मॉड्यूलना जोडलेल्या फिक्या निळसर-हिरव्या केबलमधल्या काचेचा गाभा ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असतो आणि त्यात जाणारा प्रकाश ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. इतक्या रुंद गाभ्यात प्रकाशाला शेकडो वाटा मिळतात. कुणी अक्षावरून सरळ जातो, कुणी कडेला आपटत नागमोडी. गाभ्याची काच सगळीकडे सारखी असती तर नागमोडी प्रकाश मागे पडला असता. किती, त्याचा हिशेब करता येतो. गाभा आणि त्याभोवतीचं काचेचं आवरण यांच्या अपवर्तनांकांत सुमारे १ टक्का फरक धरला तर १०० मीटरवर जवळजवळ ५ नॅनोसेकंद. २५ गिगाबिटला एक बिट ४० पिकोसेकंदांचा असतो (१००० पिकोसेकंद म्हणजे १ नॅनोसेकंद), काचेत त्याची लांबी जेमतेम ८ मिलिमीटर. म्हणजे तेवढ्या विलंबात सव्वाशे बिट एकमेकांत मिसळून चिखल झाला असता.

यावरचा उपाय असा की काचच एकसारखी ठेवायची नाही. शुद्ध सिलिकामध्ये जर्मेनियम डायऑक्साइड मिसळला की अपवर्तनांक वाढतो. तो गाभ्याच्या मध्यभागी सर्वांत जास्त आणि कडेकडे कमी कमी ठेवतात, आलेख काढला तर पालथ्या पॅराबोलासारखा. मग सरळ जाणारा किरण जवळच्या वाटेने, पण सावकाश जातो. कडेला जाणारा लांबच्या वाटेने, पण तिथे अपवर्तनांक कमी असल्याने वेगाने. वाकडहून कात्रजला एक गाडी शहरातून आणि दुसरी बाह्यवळणाने जाऊन दोन्ही एकाच वेळी पोहोचाव्यात, तसं. किरण कडेला आपटतही नाही, हळूहळू वळत पुन्हा मध्याकडे येतो. आलेख आदर्श असेल तर १०० मीटरवरचा फरक ५ नॅनोसेकंदांवरून सहाएक पिकोसेकंदांवर येतो, म्हणजे जवळजवळ ८०० पट कमी!

पॅराबोला मात्र काटेकोर हवा. काचेचा अपवर्तनांक तरंगलांबीनुसार बदलतो, आणि जर्मेनियम मिसळलेल्या काचेचा वेगळ्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे आलेखाचा घातांक नेमका २ ठेवून भागत नाही, ८५० नॅनोमीटरसाठी तो वेगळा जुळवावा लागतो. शिवाय फायबर बनवताना काचेची पोकळ नळी तापवून मिटवली की मध्यातलं थोडं जर्मेनियम उडून जायचं आणि बरोबर अक्षावर खड्डा पडायचा. जुन्या एलईडीचा प्रकाश सगळा गाभा भरून जाई, त्यामुळे त्याला हा खड्डा जाणवत नसे. लेसरचा झोत अरुंद, तो नेमका त्या खड्ड्यात शिरू लागला आणि एका बिटचे दोन भाग पडू लागले. ओएम ३, ओएम ४ या रुंद गाभ्याच्या आजच्या फायबर प्रकारांमध्ये हा मध्यभाग सुधारलेला असतो.

हे लेसरही खास. जपानच्या केनिची इगा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून आलेले ‘व्हिक्सेल’ प्रकारचे हे लेसर चिपच्या कडेऐवजी पृष्ठभागातून प्रकाश सोडतात. म्हणून वेफर, म्हणजे चिप ज्यातून कापतात ती चकती, कापण्याआधीच हजारो लेसर तपासता येतात आणि मॉड्यूल स्वस्त पडतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. खंडेनवमीला सर्व्हर रूममध्ये पूजा होते. यंत्राबद्दल कृतज्ञता मलाही वाटते. पण हळद-कुंकू उघड्या कनेक्टरजवळ कृपया नेऊ नका. ५० मायक्रॉनच्या गाभ्यावर कुंकवाचा बारीक कण बसला तरी प्रकाश अडतो, आणि कनेक्टर दाबून बसवताना तोच कण चिरडून काचेला ओरखडा पाडतो. रॅकला लिंबू-मिरची बांधून लिंक सुधारत नाही. कनेक्टर पुसून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की सुधारते.

दाटी वाढत गेली तसा पल्ला आखडला. १० गिगाबिटला ओएम ३ वर ३०० मीटर मिळत. २५ गिगाबिटच्या ४ वाटा वापरल्या तर ओएम ४ वरही १००. नंतर एका स्पंदात प्रकाशाच्या ४ पातळ्या वापरून २ बिट बसवले गेले. पातळ्यांमधलं अंतर कमी झाल्याने चुका वाढल्या, म्हणून चूक-दुरुस्तीचं गणित आणखी भक्कम करावं लागलं. व्हिक्सेल एकाच तरंगलांबीचा प्रकाश देत नाही आणि काचेत प्रत्येक तरंगलांबीचा वेग वेगळा, ही अडचण तर पॅराबोला कितीही अचूक केला तरी उरते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना कित्येक किलोमीटरवर पसरल्या आहेत. तिथे सुमारे ९ मायक्रॉन गाभ्याचं, एकच वाट असलेलं सिंगलमोड फायबरच लागतं. डेटा सेंटरच्या एका दालनात मात्र २०२२ च्या मानकाने एका लेसरवर १०० गिगाबिटसाठी ओएम ४ वर ५० मीटरचा वेगळा, स्वस्त प्रकारही मान्य केला आहे, कारण ओळीतल्या बहुतेक रॅकना तेवढे पुरतात.