शिळा भात कढईत मोकळा का राहतो?

‘भात दुसऱ्यांदा गरम केला की त्याचं विष होतं’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हापुन्हा फिरतो. शिळ्या भातात विष तयार होऊ शकतं हे खरं आहे. मात्र ते गरम करताना तयार होत नाही; आदल्या रात्री भात ओट्यावर तसाच पडून राहतो तेव्हा होतं. रात्रीचं उरलेलं सुकं चिकन, वाटीभर फरसबी-गाजर आणि शिळा भात एकत्र परतला की झटपट झकास जेवण होतं. अशा अफवेपायी ते कुणी सोडू नये.

आधी दाण्याकडे बघू. तांदळातल्या स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात: अमायलोजच्या साखळ्या बहुतांशी सरळ, तर अमायलोपेक्टिनच्या साखळ्यांना भरपूर फांद्या. शिजताना, साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला, स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली घडी विस्कटते आणि काही स्टार्च बाहेर झिरपतो. ताज्या भाताचा चिकटपणा तोच. असा भात लगेच परतला तर गिचका होतो.

भात गार होताना खरी गंमत सुरू होते. अमायलोजच्या सरळ साखळ्या एकमेकींना बिलगतात, हायड्रोजन बंधांनी जुळतात आणि काही तासांतच त्यांचे स्फटिक बनतात. फांद्या आड येत असल्याने अमायलोपेक्टिनला याच कामाला दिवस लागतात. या क्रियेला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. फ्रीजच्या तापमानाला, म्हणजे ४ अंशांच्या आसपास, ती जोरात चालते. म्हणून फ्रीजमधला भात इतका टणक लागतो. पुन्हा गरम केल्यावर अमायलोपेक्टिनचे स्फटिक ५०-६० अंशांनाच वितळतात आणि दाणा मऊ होतो. अमायलोजचे स्फटिक वितळायला मात्र १०० अंशांच्या बरंच वर जावं लागतं. ते टिकतात, म्हणून दाण्याचा आकारही टिकतो. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ इथे कमी पडतो. कोलम किंवा बासमती घ्यावा.

हे टिकलेले स्फटिक लहान आतड्यात पचत नाहीत. त्यावरून ‘शिळ्या भाताने मधुमेह बरा होतो’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. असा स्टार्च थोडाच असतो, बाकीच्याची साखर होतेच.

आता विषाबद्दल. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, भात शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते रुजतात, वाढतात आणि सेरुलाइड नावाचं विष सोडतात. ते खाल्लं की एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. १९७१मध्ये ब्रिटनमध्ये फ्राइड राइस खाणाऱ्यांना झालेल्या विषबाधेतून हा प्रकार प्रथम ध्यानात आला. सेरुलाइड १२१ अंशांना दीड तास ठेवलं तरी नष्ट होत नाही, मग कढईचा काय पाड! ग्रहणात अन्नावर तुळशीचं पान ठेवण्याने किंवा अन्न फेकून देण्यानेही इथे काही साधत नाही. जिवाणूला चंद्राची सावली कळत नाही, त्याला तापमान आणि वेळ कळते.

म्हणून उरलेला भात परातीत पातळ पसरावा, वाफ गेली की डब्यात भरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. चिकनलाही हाच नियम. परतताना आधी फोडणीत चिकन घालावं, आतपर्यंत वाफाळू द्यावं, मग भाजी. भात हाताने मोकळा करून सगळ्यात शेवटी, मोठ्या आचेवर.