पाण्यातलं गवत रात्री गुदमरतं तेव्हा

'समुद्री गवत जंगलापेक्षा 35 पट वेगानं कार्बन साठवतं' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. जागेगणिक हा आकडा प्रचंड बदलतो हे मात्र त्यात कोणी लिहीत नाही, आणि मुळात ते गवत जगलं तर साठवणार ना! बरेच जण त्याला शेवाळच समजतात, पण याला खरी मुळं, फुलं, बिया सगळं असतं आणि सगळी गोची त्या मुळांपाशीच आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची चेसापीक खाडी घ्या. तिच्या खाऱ्या भागात झोस्टेरा मरिना नावाचं, फितीसारख्या लांब पानांचं गवत वाढतं. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला पृष्ठभागावरच्या उजेडाचा 1 टक्काही पुरतो, याला मात्र 20-22 टक्के लागतो, कारण खाली चिखलात रुतलेली मुळं-खोडं पोसायची असतात. खाडीचा चिखल काही मिलिमीटर खाली गेलं की ऑक्सिजनशून्य, तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून श्वसन करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो (आपल्याकडच्या खाडीतला काळा चिखल ढवळला की सडक्या अंड्याचा वास येतो ना, तोच). हा वायू पेशींचं श्वसनच बंद पाडतो.

मग गवत जगतं कसं? कमळाचा देठ मोडलात तर आत आरपार भोकं दिसतात, तशाच हवेच्या नळ्या याच्या पानापासून मुळापर्यंत असतात. दिवसा पानात तयार झालेला ऑक्सिजन त्यातून खाली उतरतो, थोडा मुळांच्या टोकांतून बाहेर झिरपतो आणि आसपासच्या सल्फाइडचा तिथेच निकाल लावतो. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, तेव्हा पान आजूबाजूच्या पाण्यातला ऑक्सिजन आत ओढतं. इथेच खरी परीक्षा असते! शेतातलं खत आणि सांडपाणी वाहून आलं की शेवाळ माजतं, पानांवरही त्याचा थर बसतो, म्हणजे दिवसाची कमाई घटली, आणि हेच शेवाळ रात्री पाण्यातला ऑक्सिजन खातं, कुजताना तर आणखीच. त्यात पाणी तापलेलं असलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि गवताची स्वतःची भूक उलट वाढते. नळीतला ऑक्सिजन संपला की सल्फाइड त्याच नळीनं वर चढतो आणि चिखलालगतचा वाढीचा कोंब मरतो. वरची पानं त्यानंतरही काही काळ हिरवी दिसत राहतात, पण ओढली की बुडातून अलगद सुटून येतात.

1972 च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळानं चेसापीकमध्ये इतका गाळ आणि गोडं पाणी आणलं की पाण्यातली बरीच झाडं गेली. पुढे खत-सांडपाण्यातून येणारा नायट्रोजन-फॉस्फरस कमी केल्यावर हजारो हेक्टर कुरणं परत आली, हे उत्तमच. पण 2005 च्या उन्हाळ्यात पाणी 30 अंशांच्या वर गेलं आणि खाडीच्या समुद्राकडच्या भागात झोस्टेराची कुरणंच्या कुरणं झडली. नायट्रोजन रोखता येतो हो, उन्हाळा कसा रोखणार? आता तिथे बऱ्याच ठिकाणी उष्णता सोसणारं रुपिया नावाचं दुसरं पाणगवत पसरलंय, पण ते नदीच्या पाण्याबाबत नाजूक, पाऊस जास्त झाला आणि पाणी गढूळलं की ते झपाट्यानं घटतं, 2019 मध्ये तसंच झालं.